नवरीची सही कुठे आहे?

यवतमाळ जिल्ह्यात आमच्या नेरकडे सोयरीक जुळली की साक्षगंध होतं, आणि त्याआधी किंवा त्याच दिवशी यादी होते. ओसरीवर सतरंजी अंथरतात, मध्ये पाट, पाटावर दोन कोरे कागद. कागदांच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं लावतात, वर ‘श्री गजानन प्रसन्न’ लिहितात. मग ज्याचं अक्षर बरं, त्याच्या हाती पेन देतात. मी शाळेत मास्तर आणि अक्षर वळणदार, म्हणून पंचवीस वर्षं ते पेन माझ्याकडे येत राहिलं. किती याद्या लिहिल्या ते मोजलं नाही. शंभरावर नक्की असतील.

यादीत काय असतं ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नवरदेवाचा पोशाख, अंगठी, सासूचं लुगडं, मामाचा मान, मांडव कोणाकडे, जेवण कोणाकडे, वरातीच्या गाडीचं भाडं कोणी द्यायचं. मग आंदण: कपाट, पलंग, गादी, भांडी, मिक्सर. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा आला, तेव्हापासून हुंडा हा शब्द कागदावर येत नाही. तो आकडा मागच्या खोलीत चारजणांत बोलला जातो, आणि बाहेर आल्यावर लिहिणाऱ्याला सांगतात, ‘पोशाखात धरा.’ मी पोशाखात धरला. माझ्या हाताने धरला. खाली दोन्ही बापांच्या सह्या, पाचसहा पंचांच्या सह्या, सुपारी फुटली, साखर वाटली.

मुलगी तेव्हा आतल्या खोलीत असते. एकदा डोक्यावर पदर घेऊन बाहेर येते, सगळ्यांच्या पाया पडते, आत जाते. कागदावर ती एकदाच येते, पहिल्या ओळीत, ‘चि. सौ. कां.’ म्हणून. त्यानंतर यादी संपेपर्यंत तिचं नाव नाही.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर अशीच एक मुलगी भर दुपारी माझ्या दारात आली. चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकलेली. दोन लेकरं सोबत, हातात बाजाराची पिशवी. नवऱ्याने दुसरी आणली होती आणि हिला घराबाहेर काढलं होतं. म्हणाली, ‘गुरुजी, थे यादी हाय का तुमच्यापाशी? वकील म्हन्ते, लग्नात काय काय देल्लं थे लेखी पाहिजे.’ तिचा बाप वारला होता. त्याच्या पेटीत शोधल्यावर कागद सापडला, कुंकवाचे डाग तपकिरी झालेले. माझ्या ओट्यावर बसून तिने तो वाचला, प्रत्येक ओळीखाली बोट धरून, मी शिकवलं होतं तसंच. वाचून झाल्यावर तिने कागद उलटा केला, मागची बाजू पाहिली, पुन्हा सरळ केला. ‘गुरुजी, याच्यात माही सही कुठं हाय?’

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही.

तिने विचारलं आणि मला मुंबईतलं एक जुनं लग्न आठवलं. एका मित्राच्या बहिणीचं. मित्र बेने इस्राएल, म्हणजे आपला मराठी ज्यू. कोकणात नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, असं ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या लोकांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. आडनावं गावांवरून, शेवटी ‘कर’. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ साली बांधलं. घरात बोली आपलीच, मराठी. आदल्या रात्री मेंदी, आपल्यासारखीच. दुसऱ्या दिवशी मनुकांच्या सरबताचा पेला, बोटात अंगठी, आणि मग एक कागद मोठ्याने वाचायला घेतला. भाषा अरामी. त्या सभेत ती कोणाला समजत असेल असं मला वाटलं नाही, तरी सगळे उभे राहून ऐकत होते. मित्राने कानात सांगितलं, हा केतुबा. लग्नाचा करार. वाचून झाल्यावर तो कागद नवरदेवाने नवरीच्या हातात दिला. बापाच्या नाही, सासूच्या नाही. तो कागद तिचा, आयुष्यभर तिच्याजवळ राहायचा.

तेव्हा मी तो एक नवलाचा विधी म्हणून पाहिला आणि जेवून परत आलो. त्याचा अर्थ कळायला ती मुलगी माझ्या ओट्यावर यावी लागली.

केतुबात काय लिहिलेलं असतं? नवरा बायकोला अन्न देईल, वस्त्र देईल, तिचा सहवासाचा हक्क पाळील. त्याने तिला सोडलं किंवा तो आधी मेला, तर अमुक रक्कम तिला मिळेल: कुमारिकेला २०० झुझ, विधवेला किंवा घटस्फोटितेला १००. झुझ म्हणजे त्या काळचं चांदीचं नाणं. शिवाय तिने माहेरून आणलेलं सगळं तिचं. आणि या देण्याला त्याची सगळी मालमत्ता तारण. ही तारणाची तरतूद इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात शिमोन बेन शेताह नावाच्या धर्मपंडिताने पक्की केली, असं त्यांची परंपरा सांगते. आधी ती रक्कम वेगळी काढून ठेवत. नवऱ्याला राग आला की तो म्हणे, घे तुझे पैसे आणि चालती हो. शिमोनने ते बंद केलं आणि नवऱ्याचं शेत, घर, सगळंच गुंतवलं. बायकोला टाकणं पुरुषाला सोपं वाटू नये, एवढ्यासाठी हे केलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला पुरुषाच्या रागाची आणि बाईच्या उघडेपणाची नेमकी ओळख होती.

आता ही दोन पत्रं शेजारी ठेवा. केतुबात नवरा बायकोचं काय देणं लागतो ते लिहिलेलं आहे. आमच्या यादीत बायकोचा बाप नवऱ्याचं काय देणं लागतो ते लिहिलेलं आहे. दोन्ही लग्नाचेच कागद, दोन्हींवर साक्षीदार. एकात देणेकरी नवरा आहे, दुसऱ्यात मुलीचा बाप. आणि आम्ही त्या समारंभाला साक्षगंध म्हणतो. कशाचे साक्षी झालो आपण?

असा कागद वेळेला कामाला येतो का, असं कोणी विचारील. १९६१ साली मृत समुद्राजवळच्या एका गुहेत पुराणवस्तुसंशोधक यिगाएल यादिन यांना कातडी पिशवी सापडली. तिच्यात पस्तीस कागदपत्रं होती, सगळी बाबथा नावाच्या एका बाईची. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली ही बाई. रोमनांविरुद्धच्या बंडाच्या धामधुमीत ती त्या गुहेत लपली आणि जाताना तिने आपले कागद बरोबर नेले. त्यांत तिच्या दुसऱ्या लग्नाचा केतुबा होता. पहिल्या नवऱ्यापासूनच्या मुलाला पालक पुरेशी पोटगी देत नाहीत म्हणून तिने त्यांच्यावर केलेल्या दाव्याचे कागद होते. दुसरा नवराही मेला, त्याला आधीची एक बायको होती. तेव्हा आपलं स्त्रीधन आणि आपण दिलेलं कर्ज वसूल करायला बाबथाने त्याच्या खजुराच्या बागा ताब्यात घेतल्या आणि त्यांचं पीक विकलं. दोन वेळा विधवा, एक पोर, सवतीशी तंटा, आणि तरी तिच्या हातात पिशवीभर पुरावा. माझ्या ओट्यावर बसलेल्या मुलीच्या पिशवीत लेकरांचे कपडे होते आणि एका पुड्यात भाकरी.

केतुबा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. त्यात बोलतो तो नवरा; बायको घेणारी. सोडचिठ्ठी देण्याचा हक्क त्यांच्या धर्मशास्त्राने पुरुषालाच दिला. त्याने ती दिलीच नाही, तर बाई अडकून राहते: तिला ते ‘अगुना’ म्हणतात, बांधून घातलेली. आणि २०० झुझ आता कोणाला कशाला पुरणार? त्यामुळे कित्येक घरांत केतुबा नक्षीकाम करून चौकटीत बसवला गेला, भिंतीवर शोभेला.

पण त्या समाजातली विचारी माणसं आणि बाया तिथे थांबल्या नाहीत, हे मला सांगायचं आहे. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये शाऊल लिबरमन या धर्मपंडिताने केतुबातच एक कलम घातलं: तंटा झाला तर दोघंही धर्मसभेपुढे येतील. त्या कलमावर एक बाई कोर्टात गेली आणि १९८३ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायपीठाने ते कलम करार म्हणून मान्य केलं. त्यानंतर कर्मठ म्हणवणाऱ्या पंथातल्या धर्मगुरूंनीही लग्नाआधी सही करायचा वेगळा करार तयार केला. त्यानुसार वेगळं राहायला लागल्यापासून सोडचिठ्ठी देईपर्यंत नवऱ्याने दररोज ठरलेली रक्कम बायकोला द्यायची, बहुधा १५० डॉलर. एकेक दिवस अडवण्याची किंमत ठरवली. इस्राएलमध्ये १९९५ च्या कायद्याने, सोडचिठ्ठीचा हुकूम न पाळणाऱ्या नवऱ्याचा वाहनपरवाना आणि बँकखातं गोठवण्याची सोय झाली, त्याला तुरुंगातही धाडता येतं. आणि रेचेल अ‍ॅडलर या विदुषीने १९९८ साली सगळी मांडणीच बदलली. तिने भागीदारीचा करार सुचवला: नवरानवरी आपापली एकेक मोलाची वस्तू एका पिशवीत टाकतात आणि दोघं मिळून ती पिशवी उचलतात. कोणी कोणाला विकत घेत नाही.

बेने इस्राएलांनी कागदाची दुसरी बाजूही सोसली. इस्राएलमध्ये गेलेल्या या मराठी ज्यूंच्या लग्नांवर १९६० च्या दशकात तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी शंका घेतली: तुमच्या पूर्वजांची लग्नं आणि सोडचिठ्ठ्या शास्त्राप्रमाणे झाल्या होत्या का, मागच्या पिढ्या दाखवा. कोकणातल्या कष्टकरी माणसांनी हा अपमान गिळला नाही. १९६४ साली जेरुसलेमला ठिय्या दिला आणि तिथल्या संसदेला ठराव करून सांगावं लागलं की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. तेव्हा कागद दुबळ्याला दिला आहे की दुबळ्याकडून मागितला आहे, हे नेहमी पाहावं लागतं.

आता आपल्याकडे येऊ. इथे मला उत्तर मिळतं: ‘गुरुजी, लग्न हा संस्कार आहे. सात जन्मांची गाठ. तिथं करार कसला करता?’ हे वाक्य मी सरपंचांकडून ऐकलं, वकिलांकडून ऐकलं, माझ्या शाळेतल्या एम.ए. झालेल्या सहकाऱ्यांकडून ऐकलं. हे म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी विचारतो: बैल घेताना बाजारचिठ्ठी का फाडता? गुंठाभर जागेला इसारपावती का करता, आणि ती स्टॅम्पपेपरवर का? कापूस मोजून आल्यावर पट्टी का जपून ठेवता? लग्नातला आहेरसुद्धा वहीत उतरवून घेता, कोणी किती रुपये दिले, कोणी टॉवेल दिला, म्हणजे परत करताना चूक होऊ नये. मग सगळ्या मांडवात विश्वासावर सोडायला तुम्हाला एकच माणूस सापडतो, आणि ती नवरी. पवित्र म्हणून लिहायचं नाही असं असेल, तर आंदण कशाला लिहिता? पावित्र्याची आठवण नवऱ्याचं देणं आलं की होते, आणि बापाचं देणं आलं की पेन पुढे येतं. हा लबाडीचा व्यवहार आहे. मीही त्यात सामील होतो.

आणि ही गोष्ट आपल्याला कोणी सांगितलीच नव्हती असंही नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं, सावित्रीबाईंच्या पुढाकाराने. भटजी नाही, हुंडा नाही. जोतीरावांनी मंगलाष्टकं नव्याने रचली, आणि त्यांत नवरी बोलते. ती स्त्रीजातीच्या हक्कांचं विचारते आणि नवरा सगळ्यांसमोर ते द्यायची शपथ घेतो. दीडशे वर्षं उलटली. जोतीरावांचे पुतळे चौकाचौकांत झाले, जयंतीला आम्ही हार घातले, आणि घरातल्या मांडवात मात्र नवरीला तोंड उघडू दिलं नाही. हार घालणारा तोच हात यादी लिहीत होता.

माझ्या गावात मुसलमान वस्तीही मोठी आहे. त्यांच्याकडे निकाहनामा आहे, मेहर आहे. काझी मुलीची कबुली विचारतो, तिची सही घेतो. ही त्यांच्या धर्माने बाईला दिलेली ताकद. तिची धार त्यांच्याच पुरुषांनी घालवली: मेहरची रक्कम नावापुरती, ती द्यायची कधीतरी, आणि नवऱ्याच्या मयतीपाशी बाईकडून ‘माफ केली’ म्हणवून घ्यायची. २००५ साली मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने नमुन्याचा निकाहनामा काढला, बायांच्या संघटनांनी त्याहून चांगले मसुदे तयार केले. ते किती लग्नांत वापरले जातात, हे त्या वस्तीतल्या शिकलेल्या भावांनी आपल्या मनाला विचारावं.

आमच्या कायद्यातही एक केतुबा पडून आहे. हुंडाबंदी कायद्याखालचे १९८५ चे नियम. लग्नाच्या वेळी नवरीला मिळालेल्या वस्तूंची लेखी यादी करायची: वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, कोणी दिली, त्याचं नातं काय. ती यादी नवरीने स्वतःजवळ ठेवायची आणि तिच्यावर नवरानवरी दोघांनी सही करायची. म्हणजे त्या मुलीने ज्या सहीबद्दल मला विचारलं, ती सही कायद्याने मागितलेली आहे, चाळीस वर्षं झाली. त्याच साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणीच्या खटल्यात सांगितलं की स्त्रीधन बाईचंच, नवऱ्याच्या घरात ते असलं तरी ठेव म्हणून असतं, आणि ते दाबून ठेवणं हा गुन्हा आहे. मी शंभरावर याद्या लिहिल्या आणि हा नियम मला ठाऊक नव्हता. ज्यांना ठाऊक होता ते वकील, तहसील कचेरीतले बाबू, पोलीसपाटील त्याच सतरंजीवर माझ्या शेजारी बसून सुपारी फोडत होते.

आणि सोन्याभांड्यांपेक्षा मोठी गोष्ट शेत आहे. यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्याची आत्महत्या ही बातमी राहिली नाही. माणूस गेला की दहाव्याच्या आत घरी पटवारी येतो, पंचनामा होतो, प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं. पात्र ठरलं तर २००६ च्या आदेशाप्रमाणे एक लाख, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी सातबारा लागतो, कर्जाचा दाखला लागतो. ज्या बाईने त्या शेतात वीस वर्षं कापूस वेचला, निंदण केलं, डवऱ्यामागे सरकी टोबली, तिचं नाव सातबाऱ्यावर नसतं. शेत सासऱ्याच्या नावावर, नाहीतर दिराच्या सामाईक खात्यात. देशभरात शेतीच्या खातेदारांत बायका शंभरात चौदा आहेत, २०१५-१६ च्या कृषिगणनेचा हा आकडा. जी वेचते ती चौदांतही येत नाही. नवरा गेल्यावर तिला घरातलं माणूस सांगतं, राहायचं असेल तर राहा, पण हिस्सा मागू नको.

यावर उपाय सांगणारा आमच्याच शेतकरी चळवळीतला माणूस होता. शरद जोशींनी १९८६ साली चांदवडला शेतकरी बायांचं अधिवेशन भरवलं, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. गावातल्या शंभर बायकांच्या नावावर जमीन झाली की ते गाव लक्ष्मीमुक्त. घरच्या लक्ष्मीचं देणं फेडल्याशिवाय सरकारकडे आपलं येणं कोणत्या तोंडाने मागता, असा त्यांचा सवाल होता. विदर्भातल्या गावांनी तो मनावर घेतला होता. १९९२ साली सरकारने परिपत्रक काढलं: नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर चढवावं. बायकोच्या नावे शेताचं बक्षीसपत्र केलं तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये आहे. दोनशे रुपये! वरातीतल्या एका डीजेच्या पैशात साऱ्या गावच्या बायका खातेदार होतील. पैसा अडत नाही, कायदा अडत नाही. मनाची तयारी नाही, आणि ती नसण्याची लाजही राहिली नाही.

टाकलेल्या बायांसाठी संगमनेरला १९८८ साली निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांची परिषद घेतली. ज्यांची मोजदादही कोणी केली नव्हती, त्या बाया तिथे व्यासपीठावर उभ्या राहून बोलल्या. न्यूयॉर्कच्या ‘अगुना’ आणि आमच्या ‘सोडलेल्या’ एकाच दुःखाच्या बहिणी आहेत. तिकडे त्या दुःखावर धर्मपंडितांनी रोजचा दंड बसवला. आमच्या नेरात सोडलेली बाई लग्नकार्यात दिसली तर तिला पुढे बसू देत नाहीत.

त्या मुलीच्या दाव्यात माझी यादी काही कामाला आली नाही. कपाट-पलंग दिल्याचं सिद्ध झालं, पण ते तिला दिले की घराला, यावर वाद घालत तारखा गेल्या. ती आता भावाच्या घरामागे पत्र्याच्या खोलीत राहते आणि वेचणीला जाते.

मी पेन खाली ठेवलेलं नाही. तुळशीचं लग्न झालं की पुन्हा बोलावणी येतील. ज्यांना माझ्या हाताने यादी हवी, त्यांनी आधी ऐकून घ्यावं. मुलगी सतरंजीवर माझ्या शेजारी बसेल, आणि मुलगाही. पहिली ओळ मुलाच्या देण्याची असेल: कोणत्या गटातलं किती शेत किंवा घराचा किती हिस्सा लग्नानंतर सहा महिन्यांत तिच्या नावावर चढवणार. दुसरी ओळ, वेगळं राहायची वेळ आली तर दरमहा किती देणार. तिसऱ्यापासून तिला मिळालेल्या वस्तू, किमतीसकट, तिच्या नावावर. पोशाखात काहीही धरलं जाणार नाही. कागद दोनऐवजी तीन होतील आणि तिसरा तिच्याजवळ राहील. वाचून मी दाखवीन, वऱ्हाडीत, आतल्या बायांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. सह्यांत पहिली सही तिची.

मागच्या उन्हाळ्यात हे मी एका घरी सांगितलं. ओसरी गप्प झाली. मुलाचे मोठे काका उठून चपला घालू लागले, म्हणाले, ‘इवाई, हे आमच्यात चालत नाही.’ मुलीचा बाप माझ्याकडे असा पाहत होता की मी त्याचं काही चोरलं आहे. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि मुलगी बाहेर आली. हातात ट्रे नव्हता. सतरंजीच्या कडेला बसली आणि म्हणाली, ‘गुरुजी, पयले मले वाचू द्या.’